उल्कावर्षावाची रात्र आणि आपले डोळे

डिसेंबर मध्यावर आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील आकाश वर्षातील सर्वांत निर्मळ अवस्थेत असते. पावसाळ्याचे मळभ केव्हाच ओसरलेले असते, उन्हाळ्यातील धुरळा अजून दूर असतो आणि रात्री मोठ्या झालेल्या असतात. याच दिवसांत, १३ डिसेंबरच्या रात्री आणि १४ डिसेंबरच्या पहाटे, मिथुन राशीचा उल्कावर्षाव ऐन भरात येतो. आधीच्या आणि नंतरच्या एक-दोन रात्रींनाही तो कमीअधिक प्रमाणात दिसतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही, दूरचा प्रवासही लागत नाही. हिवरा आश्रमसारख्या गावात वस्तीचे दिवे मागे टाकून शिवाराच्या कडेला उभे राहिले, तरी पुरे होते.

आरोग्यविषयक पाक्षिकात आकाशाचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. उल्का पाहण्याचे एकमेव साधन म्हणजे आपले डोळे. ते पाहताना शरीर दोन-तीन तास थंडीत जवळजवळ निश्चल पडून असते. घरातील पाच वर्षांच्या नातवापासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सर्वजण एकाच वेळी जागरण करतात. या तिन्ही गोष्टींचा संबंध वैद्यकाशी येतो. शिवाय दिवसाच्या उजेडात लपून राहणारे डोळ्यांचे काही आजार रात्रीच्या आकाशाखाली आपोआप उघड होतात. म्हणून सर्वसाधारण डॉक्टरला या विषयावर सांगण्यासारखे बरेच आहे.

तुटणारा तारा म्हणजे काय?

आपण ज्याला तारा तुटला म्हणतो, तो तारा नसतोच. सूर्याभोवती फिरणाऱ्या धूमकेतूंच्या मार्गावर त्यांच्यापासून सुटलेले बारीक कण पसरलेले असतात. पृथ्वी आपल्या वार्षिक प्रदक्षिणेत ठराविक तारखांना या कणांच्या पट्ट्यांतून जाते. वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढ्या आकाराचे हे कण प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच तापून नष्ट होतात. तो क्षणभराचा प्रकाश म्हणजे उल्का.

मिथुन वर्षावाचे जनकत्व मात्र नेहमीच्या धूमकेतूकडे नाही. १९८३ साली एका अवकाशस्थ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'फेथॉन' नावाचा लघुग्रह सापडला आणि या उल्का त्याच्याच कक्षेतून येतात, हे लक्षात आले. तो १.४ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो आणि सूर्याच्या सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटर इतका जवळ जातो. त्याच्या कणांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर असतो, म्हणजे मेहकरहून लोणारला ते एका सेकंदाच्या आत पोहोचतील. तरीही उल्कांच्या जगात हा वेग मंदच समजला जातो. नोव्हेंबरमधील सिंह राशीच्या उल्का याच्या दुप्पट वेगाने येतात. वेग कमी असल्यामुळे मिथुनातील उल्का डोळ्यांना सहज टिपता येतात. लहान मुलांनाही 'ती बघ' म्हटल्यावर मान वळवण्याइतका अवधी कधी कधी मिळतो.

आदर्श अंधारात आणि उगमबिंदू थेट डोक्यावर असताना या वर्षावात तासाला शंभराहून अधिक उल्का दिसू शकतात, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात खेड्यातील चांगल्या अंधारात मध्यरात्रीनंतर मिनिटाला सरासरी एखादी दिसली, तरी ती रात्र उत्तम समजावी. चंद्र मोठा असेल तर संख्या बरीच घटते, म्हणून दिनदर्शिकेत तिथी आधी पाहून ठेवावी.

ऑगस्टमधील ययाती वर्षाव जगभर अधिक प्रसिद्ध आहे. पण तो १२-१३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो. विदर्भातील कुटुंबांसाठी म्हणून मिथुन वर्षावच सोयीचा. त्याची आणखी एक सोय पालकांना आवडेल. बहुतेक वर्षाव मध्यरात्र उलटल्यावरच रंगतात. पण मिथुन रास आपल्याकडे या दिवसांत रात्री साडेसातच्या सुमारासच उगवू लागते. दहा वाजेपर्यंत ती पूर्वेकडे चांगली वर आलेली असते आणि दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येते. त्यामुळे लहान मुलांना दहा ते साडेअकरा एवढा वेळ दाखवून झोपवता येते. मोठ्यांनी हवे तर पहाटेपर्यंत बसावे.

डोळ्यांना वीस मिनिटे द्या

घरातून बाहेर येऊन दोन मिनिटे वर पाहिले, काही दिसले नाही आणि परत आत गेलो, असे अनेकांचे होते. दोष आकाशाचा नसतो. उजेडातून अंधारात आल्यावर आपल्या डोळ्यांना सज्ज व्हायला वेळ लागतो.

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख असतात. त्या उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी असतात. त्या अंधुक प्रकाशात काम करतात. या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे एक रंगद्रव्य असते. प्रखर उजेडात ते विघटित होते आणि अंधारात पुन्हा हळूहळू तयार होते. ते पुरेसे साठायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून बाहेर आल्यावर किमान वीस मिनिटे कोणताही दिवा न लावता बसावे. या वेळात जर कोणी मोबाईलचा पडदा उघडला, तर काही सेकंदांत ही सारी तयारी पुसली जाते आणि सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उल्कावर्षावाच्या रात्री मोबाईल बंद ठेवण्याचा नियम शिस्तीसाठी नसून शरीरशास्त्राला धरून आहे.

वाट पाहण्यासाठी उजेड लागलाच तर विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर लावावेत. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे अंधाराची सवय बऱ्याच अंशी टिकते.

आणखी एक युक्ती मुलांना शिकवण्यासारखी आहे. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. त्यामुळे अतिशय अंधुक तारा थेट रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा दिसू लागतो. उल्काही बहुधा अशाच, नजरेच्या कडेला दिसतात. म्हणून एका बिंदूकडे टक लावू नये. पाठीवर पडून आकाशाचा मोठा भाग सैल नजरेने न्याहाळत राहावे.

वयानुसार बाहुलीचे उघडणे कमी होते. तरुणपणी अंधारात ती सात-आठ मिलिमीटरपर्यंत विस्तारते, तर उतारवयात पाच मिलिमीटरच्या आसपास थांबते. नातवाला दिसलेली अंधुक उल्का आजोबांना दिसली नाही, तर त्यात आजारच असेल असे नाही. पण हा फरक फार मोठा वाटला, तर मात्र पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा.

आकाशातील दृष्टितक्ता

रात्री साडेदहाच्या सुमारास या दिवसांत कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ माथ्यावर असतो. निरोगी डोळ्यांच्या माणसाला, किंवा योग्य चष्मा लावलेल्याला, चांगल्या अंधारात त्यात सहा तारे वेगवेगळे मोजता येतात. घरातील प्रत्येकाला, एकमेकांना न सांगता, ते मोजायला सांगा. आकडे नंतर ताडून पाहा. पहाटे चारपर्यंत जागणार असाल तर ईशान्येला सप्तर्षी वर आलेले असतील. त्यांतील वसिष्ठ आणि त्याच्याजवळची अरुंधती वेगळी दिसते का, ते पाहा. विवाहात नवदांपत्याला अरुंधती दाखवण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. नजरेच्या दृष्टीनेही ती जोडी एक चांगली कसोटी आहे.

ही घरगुती खूण आहे, तपासणीला पर्याय नाही. पण तिच्यातून बरेच कळते. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात असेच झाले. नऊ वर्षांच्या मुलीचा मोठा भाऊ कृत्तिकांत सहा तारे मोजत होता आणि तिला तेथे कापसाचा एक पुंजका दिसत होता. वर्गात ती पहिल्या बाकावर बसत असल्यामुळे फळा वाचण्याची अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. नेत्रतपासणीत तिला दूरचा चष्मा लागला. चष्मा लावून पुन्हा आकाश पाहिल्यावर तिने पहिला प्रश्न आईला विचारला, "एवढे तारे रोजच असतात का?" लघुदृष्टी असलेल्या मुलाला आपल्याला कमी दिसते हे कळण्याचा मार्गच नसतो, कारण त्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते. मुलांना लघुदृष्टी जडू नये म्हणून दिवसाच्या उजेडात मोकळ्या हवेत खेळणे उपयोगी पडते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. रात्रीचे आकाश तो लाभ देत नाही, मात्र असलेला दोष दाखवून देते.

आता अधिक गंभीर शक्यतांकडे वळू. वीस मिनिटे अंधारात बसूनही ज्याला ठळक तारे सोडून काही दिसत नाही, जो अंधारात वारंवार ठेचकाळतो, त्याला रातांधळेपणा असू शकतो. याचे एक कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता. ऱ्होडॉप्सिन तयार होण्यासाठी हेच जीवनसत्त्व लागते. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात त्याचे एकूण नऊ डोस मोफत दिले जातात. एखादा राहिला असेल तर तो पूर्ण करून घ्यावा. आहारात शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, दूध आणि अंडे असावे. भाजीत थोडे तेल हवेच. त्याशिवाय हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. मुलाच्या बुबुळाच्या कडेला पांढऱ्यावर फेसासारखा डाग दिसला तर विलंब करू नये. मात्र या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जास्त मात्रा अपायकारक असते आणि गर्भारपणात तर बाळालाही धोका पोहोचवते.

रातांधळेपणाचे दुसरे कारण आनुवंशिक असते. दृष्टिपटलाच्या दंडपेशी हळूहळू नष्ट होण्याचा एक आजार आहे. त्यात आधी रात्रीची दृष्टी जाते आणि पुढे बाजूचे दिसणे आक्रसत जाते. नात्यातील लग्ने ज्या घरांत होत आली आहेत, तेथे त्याची शक्यता वाढते. याशिवाय मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे परिणाम हेही आधी रात्रीच जाणवू शकतात. दूरच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे वलय दिसणे ही त्यांतील एक खूण आहे. अशी लक्षणे असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली विस्फारून तपासणी करून घ्यावी.

उल्का आकाशातील की डोळ्यातील?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. अंधारात दिसणारी प्रत्येक चमक आकाशातून आलेली नसते.

दृष्टिपटल प्रकाशाने उत्तेजित झाले की आपल्याला चमक दिसते. पण ते ओढले गेले, तरीही मेंदूला चमकच दिसते. डोळ्यातील पारदर्शक गर वयानुसार आकसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना तो पडद्याला ताण देतो आणि नजरेच्या कडेला विजेसारखी रेघ चमकते. बहुतेकांत यातून पुढे काही बिघडत नाही. पण काही जणांत पडदा फाटतो, फटीतून द्रव मागे शिरतो आणि पडदा सुटू लागतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. पन्नाशी ओलांडलेले, मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्याला मार लागलेले लोक यांना हा धोका अधिक असतो.

फरक ओळखणे कठीण नाही. उल्का शेजारी बसलेल्यालाही दिसते. ती डोळे मिटल्यावर दिसत नाही. ती दर वेळी आकाशात वेगळ्या जागी येते. याउलट डोळ्यातील चमक डोळे मिटूनही दिसते, नेहमी एकाच डोळ्याच्या एकाच बाजूला येते आणि नजर फिरवल्यावर अधिक जाणवते. अशी चमक नव्याने सुरू झाली, तिच्यासोबत काळे ठिपके किंवा जाळी एकाएकी वाढली, अथवा एका बाजूने सावलीचा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. 'उन्हाळ्यात दाखवू', 'कापूस विकला की जाऊ' असे म्हणू नये. फट लवकर सापडली तर लेसरने ती बाह्यरुग्ण विभागातच बंद करता येते. पडदा सुटल्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

एकाएकी उठून उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर काजवे चमकतात, ते वेगळे. त्याचे कारण रक्तदाब क्षणभर उतरणे हे असते. बराच वेळ आडवे पडल्यानंतर, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आधी उठून बसावे, मिनिटभर थांबावे आणि मगच उभे राहावे. वीस-तीस मिनिटे टिकणारी नागमोडी चमकती रेघ आणि त्यापाठोपाठ डोकेदुखी हे बहुधा अर्धशिशीचे लक्षण असते. पण ते आयुष्यात प्रथमच आणि उतारवयात दिसले, तर तपासणी आवश्यक आहे.

थंडी : निश्चल शरीराची परीक्षा

डिसेंबरमध्ये आपल्याकडे पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास येते. चालत्या माणसाला ही थंडी सोसते. पडून राहिलेल्याला ती हळूहळू शिरते. स्नायू हालचाल करत नाहीत तेव्हा शरीर उष्णता कमी निर्माण करते आणि निरभ्र आकाशाखाली ती वेगाने निघून जाते. म्हणून दिवसाच्या अंदाजापेक्षा एक पांघरूण अधिक घ्यावे. खाली गादी किंवा जाड सतरंजी हवीच, कारण थंड जमीन पाठीतून उष्णता ओढून घेते. कानटोपी, मोजे आणि वरून वाकळ, एवढे असले की रात्र सुखाची जाते. तान्ह्या मुलांना बाहेर निजवू नये.

उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि दम्याच्या रुग्णांनी पहाटेची थंडी टाळून रात्री दहा ते साडेअकराचाच वेळ निवडावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरील भार वाढतो. दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर मफलर घ्यावा आणि पंप खिशात ठेवावा.

शेकोटीबद्दल दोन गोष्टी. तिचा उजेड डोळ्यांची तयारी घालवतो आणि तिचा धूर दम्याला उठवतो. आणि मधुमेहींनी तिच्याजवळ पाय शेकू नयेत. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असते. कातडी भाजली तरी कळत नाही आणि त्या जखमेतून पुढे पाय गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पाय गार वाटत असतील तर लोकरी मोजे घालावेत. दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे. कातडीकडे रक्त वळल्याने उबदार वाटते खरे, पण शरीर आतून अधिक गार होते.

मान वर करून उभ्याने पाहणेही टाळावे. तासभर मान मागे टाकल्याने मानेचे स्नायू आखडतात आणि वृद्धांना चक्कर येऊ शकते. पाठीवर पडणे किंवा मागे कलणारी आरामखुर्ची उत्तम. गर्भवतींनी शेवटच्या महिन्यांत उताणे फार वेळ पडू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन भोवळ येते. डाव्या कुशीवर किंवा उशांना टेकून बसावे. ग्रहणाप्रमाणे येथेही काही 'पाळायचे' असते का, असे विचारले जाते. उल्का पाहिल्याने आईला किंवा बाळाला कोणतीही बाधा होत नाही.

जागा कोठे निवडावी?

कठडा असलेली गच्ची ही कुटुंबासाठी सर्वांत सुरक्षित जागा. कठडा नसेल तर अंधारात मुलांना तेथे नेऊ नये. गच्चीवरून पडून होणाऱ्या दुखापती फार गंभीर असतात. शेतात जायचे असल्यास जागा उजेडी पाहून ठेवावी आणि विहिरीपासून दूर असावी. आमच्याकडील कोराडी जलाशयासारख्या ठिकाणी पाण्याच्या अगदी काठावर अंधारात बसू नये.

हिवाळ्यात साप कमी दिसतात, पण ते नसतातच असे नाही. मण्यार आणि घोणस रात्रीच वावरतात. पायांत बूट असावेत, चालताना विजेरी खाली धरावी आणि जमिनीपेक्षा बाजेवर निजावे. रचलेले दगड, लाकडे आणि कडब्याची गंजी यांपासून अंतर ठेवावे, कारण विंचवांची वस्ती तेथेच असते. वाकळ अंगावर घेण्यापूर्वी झटकून घ्यावी. साप चावला तर अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सरकारी रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ घालवू नये. मण्यारीच्या दंशाला कित्येकदा सूज किंवा वेदनाही नसते, म्हणून 'काही झाले नाही' असे मानू नये. लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. हे उपचार वेळेवर मिळाले तरच उपयोगी पडतात.

जागरणाचा हिशेब

निरोगी माणसाला एका रात्रीचे जागरण सोसते. दुपारी तासभर झोप काढावी आणि दुसऱ्या दिवशी लवकर निजावे. पण काहींनी जागरण करूच नये. फिट येण्याचा आजार असलेल्यांत झोपमोडीमुळे झटका येऊ शकतो. उन्माद आणि नैराश्य यांच्या चक्राचा आजार असलेल्यांतही झोप तुटली की आजार उफाळतो. त्यांनी दहा-अकरापर्यंत पाहून, औषध वेळेवर घेऊन निजावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीचे जेवण चुकवू नये आणि जवळ साखर ठेवावी. थंडीतही घाम सुटला, हात थरथरू लागले, तर साखर उतरली असे समजून ती लगेच खावी. शहरातून अंधाराच्या शोधात गाडीने आलेल्यांनी पहाटे तसेच परतीला निघू नये. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर अपुऱ्या झोपेचा चालक डोळे उघडे असूनही डुलकी घेतो. आधी झोप, मग प्रवास.

भीती आणि तिचे निरसन

तारा तुटला की कोणीतरी गेले, हा समज अजून घराघरांत आहे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथील मुलांच्या मनावर याचा खोल परिणाम होतो. त्यांना सांगावे की या उल्का दर वर्षी त्याच तारखांना येतात आणि त्यांचा माणसांच्या जाण्यायेण्याशी काही संबंध नाही.

दुसरी भीती अंगावर काही पडण्याची. आमच्या जिल्ह्यातच लोणारचे विवर असल्यामुळे ती स्वाभाविक आहे. बेसाल्ट खडकातील ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एका मोठ्या अशनीच्या आघाताने झाले. आर्गॉन पद्धतीने त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे. पण वर्षावातील कण इतके लहान असतात की त्यांतील एकही जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. अनेकांनी त्याला उल्कावर्षाव म्हटले. तो चिनी अग्निबाणाचा वातावरणात परतलेला भाग होता, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. फरक लक्षात ठेवावा. उल्का सेकंदभरात संपते. अग्निबाणाचे तुकडे बराच वेळ, संथपणे, एकमेकांना समांतर जळत जातात. असे काही पडलेले आढळले तर त्याला हात न लावता पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवावे, कारण त्यावर विषारी इंधनाचे अंश असू शकतात.

थोडक्यात तयारी

• तिथी व ढग पाहून रात्र निवडा. मुलांसाठी दहा ते साडेअकरा.
• दुपारी झोप, रात्री वेळेवर हलके जेवण, नेहमीची औषधे वेळेवर.
• बाज किंवा जाड अंथरूण, एक पांघरूण अधिक, कानटोपी, मोजे, बूट.
• मोबाईल बंद. विजेरीला लाल कागद. वीस मिनिटे संपूर्ण अंधार.
• चष्मा असणाऱ्यांनी तो लावूनच पाहावे.
• प्रत्येकाने कृत्तिका मोजाव्यात आणि आकडा लिहून ठेवावा.
• डोळे मिटूनही दिसणारी चमक, वाढते काळे ठिपके, सावलीचा पडदा : त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

उल्का पाहिल्याने रक्तदाब उतरतो किंवा आयुष्य वाढते, असा दावा मी करणार नाही. पण घरातील सर्वजण एका अंथरुणावर, हातात कोणताही पडदा न धरता, दोन तास एकाच दिशेला पाहत आहेत, असे हल्ली वर्षातून किती वेळा घडते, याचा विचार वाचकांनीच करावा. या डिसेंबरात ती संधी घ्या. आणि त्या रात्री घरातील कोणाला कृत्तिका मोजता आल्या नाहीत, तर जानेवारी उजाडण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.